आतला पॅड

ताईची गाडी शेजाऱ्यांच्या फाटकावर आदळली ती मिस्त्रीमुळे, आणि हे फक्त मिस्त्रीलाच ठाऊक होतं.

झालं असं. दोन महिन्यांपूर्वी ताई, म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, गॅरेजवर आली. ब्रेक मारला की चाकातून किरकिर येते म्हणाली. परकं गिऱ्हाईक असतं तर यानं जॅक लावून चाक उतरवलं असतं. पण पडली घरची गाडी. घरच्या गाडीला मिस्त्री लोक कधी धड हात लावतात का? टॉर्च घेऊन चाकाच्या फटीतून यानं ब्रेकचा बाहेरचा पॅड बघितला. चांगला जाड होता. "अजून वीस हजार किलोमीटर बघायला नको. धूळ गेली असेल," म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. आतल्या बाजूलाही एक पॅड असतो आणि पॅड ज्यावर सरकतो ती पिन अडकली की तोच आधी झिजतो, हे शहाणपण तो एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवायचा.

धडकलेली गाडी त्याच्याकडेच आली. कोणाला लागलं नव्हतं, एवढंच नशीब. या वेळी चाक उतरवलं. आतला पॅड पार संपला होता, नुसतं लोखंड डिस्कवर घासत होतं.

तेवढ्यात ताईचा फोन. "चूक माझीच रे. पाय वेळेवर पडला नाही. ब्रेक तर तू स्वतः बघितले होतेस."

तोंड उघडायची हीच वेळ होती. पण नाही. "होतं असं कधीकधी," एवढंच बोलला मेला.

नवे पॅड निवडताना मात्र जीव ओतला. स्वस्तातले बाजूला टाकले. वर्षानुवर्षं टिकणारे कडक पॅडही नकोत. थंड असताना ते नीट पकडत नाहीत, आणि ताईचं जाणं-येणं बाजारापुरतं. मऊ घेतले, झिजले लवकर तर झिजू देत. डिस्क बदलली, पिना साफ करून ग्रीस लावलं. गाडी ताईच्या घराखाली नेऊन लावली, पण मनाची टोचणी काही जाईना.

तिकडे भाच्यानं "आई, आता पुरे" म्हणत किल्ली काढून घेतली. ताईचे डोळे तपासून झाले, गुडघे तपासून झाले. गावभर एकटी फिरणारी बाई जिना उतरताना कठडा धरायला लागली. मिस्त्री रोज तिच्याकडे चहाला जायचा, हे सगळं बघायचा, कप ठेवून परत यायचा.

नवव्या दिवशी भाचा म्हणाला, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. तेव्हा मिस्त्रीला राहवलं नाही. झिजका पॅड कागदात गुंडाळून आणला, ताईसमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, फटीतून बघितल्याचंही.

ताईनं पॅड उलटसुलट करून बघितला. "म्हणजे माझा पाय वेळेवर पडला होता?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"पॅड बघायचा राहिला, राहू दे. माणूस आहेस," ताई शांतपणे म्हणाली. "पण आठ दिवस मी माझ्याच पायांना घाबरत होते, आणि तू समोर बसून चहा पीत होतास."

तिनं लेकाला हाक मारून किल्ली मागितली, चपला घातल्या. मिस्त्रीही उठला.

"तू नको," ती म्हणाली, आणि एकटीच खाली गेली.