स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल

पंगत तुम्ही मांडलीत. कुणी कुठं बसायचं, कुणाचं ताट कुठं वाढायचं, कुणाची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात ठेवायची, सगळं तुम्हीच ठरवलंत. तुमचं नाव कुठल्या कागदावर नाही, सही नाही, शिक्का नाही. तरी हुकूम गावोगाव पाळला गेला, आणि तुम्ही मात्र नामानिराळे राहिलात. हा आरोप आधी ऐकून घ्या. धर्मराजची गोष्ट मागून.

धर्मराज मेश्राम धातूंचा इंजिनियर. बायको उपासना अमेरिकेतल्या चँडलर शहरात, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि हा तिकडं नेवाडा राज्याच्या उत्तर भागात, सोन्याच्या खाणीवर. महिन्यातून एकदा घरी जायचा. बाकीचे दिवस उर्रुती घराण्याच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर, सहा नंबरच्या खोलीत.

हे उर्रुती म्हणजे बास्क, स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरांतले लोक. सव्वाशेक वर्षांपूर्वी त्यांचा एक पूर्वज इथं दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला आला. ना इंग्रजी, ना अक्षरओळख. त्यानं पुढं आपल्यासारख्याच मेंढपाळांसाठी हे हॉटेल काढलं : वर खोल्या, खाली जेवण. आता चौथ्या पिढीची मैते ते चालवते. पंचावन्नची, दणकट, बोलायला तोफ. तिचा बाप बत्तिस्त अठ्ठ्याऐंशीचा आहे आणि अजून रोज संध्याकाळी साडेसहाला तोच जेवणाची घंटा वाजवतो.

घंटा झाली की लांबलचक टेबलांवर सगळे खांद्याला खांदा लावून बसायचे. ट्रकवाला, डॉक्टर, खाणीतला मजूर, वाटसरू. सुपाचं एकच मोठं भांडं हातोहात फिरायचं. मग पाव, घेवडा, मटणाचा रस्सा. कोण कुणाचा, कुणी विचारत नसे.

धर्मराजला तिथला घास गोड लागायचा आणि तोच सलायचा. कारण समोरच्या भिंतीवर त्या मेंढपाळाचा फोटो होता. अंगठाबहाद्दर माणूस, फाटका कोट, आणि खाली कौतुकानं लिहिलेलं की हा आला तेव्हा याच्याकडं काही नव्हतं. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा, मग नातू, मग मैते. आपली गरिबी ही माणसं फ्रेम करून लावतात. याच्या पोटात आग पडायची.

कारण धर्मराजच्या आजोबांचीही खानावळ होती. वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर. म्हाताऱ्याच्या हाताला अशी चव की मास्तर, तलाठी, कंडक्टर रांग लावायचे. सात महिने चालली. मग एक दिवस त्यांच्या मूळ गावचा कुणी तरी उतरला आणि चार जणांच्या कानात सांगून गेला की तुम्ही कुणाच्या हातचं खाताय. दुसऱ्या दिवशी तीस माणसांचा स्वयंपाक तयार होता. जेवायला कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत म्हातारा दारात उभा होता.

त्या तीस ताटांपैकी एक पितळी ताट नागपूरच्या घरी आहे. फोटो एकही नाही. खानावळवाल्याचा फोटो काढायला खानावळ टिकावी तर लागते.

तेव्हा धर्मराज जळायचा, अगदी हलकट जळायचा. सूप खारट आहे का, हे तो रोज आशेनं बघायचा. खारट नसायचं. मैतेची मुलगी सिएटलला नोकरीला लागली तेव्हा याला आतून बरं वाटलं होतं, तुटली एकदाची यांची साखळी. मार्चमध्ये ती पोरगी परत आली आणि मी चालवणार म्हणाली. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. यानंही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

त्यानंतर मे महिन्यातली ती संध्याकाळ. घंटा झाली, हा खाली आला, तर लांब टेबलावरच्या त्याच्या नेहमीच्या जागी कुणी परकी बाई बसलेली. मैतेनं हातातल्या पळीनंच खूण केली : तिकडं.

तिकडं म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराजवळ. तिथं एक वेगळं छोटं टेबल, आणि त्यावर याच्यासाठी वेगळं ताट, वेगळा पेला.

धर्मराजचे कान तापले. तो मागं फिरला, जिना चढला, बॅग उघडून शर्ट कोंबायला लागला. फोन स्पीकरवर टाकून उपासनाला सगळं सांगितलं. समुद्र ओलांडून आलो तरी दाराशीच बसवलं, म्हणाला.

"तू विचारलंस का तिला?" उपासना म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? आजोबांना विचारलं होतं कुणी?"

"धर्मा, यार, आधी विचार आणि मग चीड. तू आधी बॅग भरतोस."

तेवढ्यात दारावर थाप पडली. मैते होती, धापा टाकत. बॅग बघून तिला काही उलगडेना. इथं येऊन वर्ष झालं ना तुला आज, ती म्हणाली. ज्याचं वर्ष भरलं तो पाहुणा उरत नाही, तो दाराजवळच्या त्या आमच्या घरच्या टेबलावर जेवतो, पणजोबांपासूनची रीत आहे.

"आणि घरचं माणूस बसल्याशिवाय माझा बाप पळी उचलत नाही. सूप गार होतंय, चल."

फोनवर उपासना अजून होती. "जा," एवढंच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तो खाली गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा बत्तिस्त त्या छोट्या टेबलाशी खरंच हात मांडीवर ठेवून थांबलेला. हा बसल्यावर म्हाताऱ्यानं पहिली पळी याच्या ताटात वाढली, मग स्वतःच्या.

आता तुम्हाला वाटेल, धर्मराजचं मन निवलं. छे. त्याची आग दुप्पट झाली. वेगळं ताट म्हणजे आपला माणूस, असा अर्थ लावायची मुभा असलेल्या घरात ही माणसं जन्मली. त्याच्या घराण्यात तेवढीच खूण बघून माणूस बॅग भरायला धावतो. ही शिकवणसुद्धा तिसऱ्या पिढीपर्यंत नीट पोचली होती. यांना हॉटेल पोचलं, याला हे.

मैतेनं पाव तोडून त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, तुमच्याकडं कुणी स्वयंपाकातलं होतं का. तो बोलून गेला की माझ्या आजोबांची खानावळ होती, रांगा लागायच्या.

म्हातारा खुलला. मैतेचे डोळे चमकले. तिच्या जगात खानावळ एकदा निघाली की ती कुणी ना कुणी पुढं चालवतंच. म्हणून तिनं साध्या मनानं विचारलं :

"मग आता कोण चालवतं?"

धर्मराजचा चमचा हवेत थांबला. म्हातारा त्याच्याकडं बघतोय, मैते त्याच्याकडं बघतेय, सुपाची वाफ निघून चाललीय. तो काय सांगणार? खानावळ त्यानं बंद केली नाही, आजोबांनीही नाही. बंद करणारे तुम्ही. तेव्हा त्याच्याकडं बघू नका. त्या टेबलाशी या, उभे राहा, नाव सांगा, आणि तिच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर द्या.

आता कोण चालवतं?