सतरा नंबरची नळी

“आधी माणसाला बसव, मग सुई काढ. रक्त कुठं पळून जात नाही.”

तिला शिकवणारे भगवानराव सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज डॉ. संगीताच्या कानात अजून तसाच होता. शिबिरात सुईचं पाकीट फाडायला घेतलं की तिचा हात आपसूक थांबायचा. आताही थांबला. तिनं प्लास्टिकची खुर्ची पुढ्यात ओढली आणि समोर उभ्या असलेल्या तरुणीला म्हणाली, “बस. भाकरी खाऊन आलीस का?”

तरुणीनं नुसती मान हलवली. उत्तर दिलं ते तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या सासूनं, वत्सलाबाईंनी.

“खाल्ली की. मीच थापून घातली. दोन महिने झाले बाई, हिची बोटंच मिटंनात सकाळची. मला आधी वाटलं, कामाला कंटाळली. मंग एक दिवस बघते, तर लेकराच्या आंगड्याची गुंडी दातानं धरून लावायली. तवा म्हणलं, न्हाई, हे सोंग न्हाई.”

“आत्याबाई,” तरुणी हळूच म्हणाली.

“आत्याबाई काय? डाक्तरापुढं झाकायचं असतंय व्हय?”

घाटनांदूरच्या मारुतीच्या सभामंडपात दर मंगळवारी हे शिबिर भरायचं. पहाटे योगेश्वरीचं दर्शन घ्यायचं, मगच पाण्याचा घोट, आणि मग अंबाजोगाईहून इकडं, असा संगीताचा नेम होता. आठवडाभर प्रयोगशाळेत नळ्यांतलं रक्त बघायचं. मंगळवारी ते ज्यांच्या अंगात वाहतं ती माणसं बघायची.

तिनं तरुणीची बोटं एकेक करून दाबून पाहिली. दोन्ही हातांची तीच पेरं सुजली होती, उबदार लागत होती. पण वाकडं काही झालेलं नव्हतं. हाडं अजून शाबूत असावीत. संगीताला बरं वाटलं. इतक्या लवकर कुणी येत नसे. बोटं वळली, की मग यायचे.

अर्जावर तिनं लिहून घेतलं. नाव उज्ज्वला. वय सत्तावीस. गाव घाटनांदूर. दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर सापडली, नळीत रक्त उतरू लागलं. तरुणीचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून तिनं सहज विचारलं, “माहेर कुठलं गं तुझं?”

“तलवाडा.”

संगीतानं सुई काढून कापूस दाबला. तो जरा जास्तच वेळ दाबून धरला.

आठ वर्षांपूर्वी तिचं संशोधन तलवाड्यातच सुरू झालं होतं. शरीरात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात. काहींच्या अंगात ती आपल्याच सांध्यांवर उठतात. सूज दिसण्याच्या किती वर्षं आधी ती रक्तात येतात, हे तिला शोधायचं होतं. म्हणून आमवाताच्या रोग्यांच्या धडधाकट मुलाबाळांचं रक्त घेऊन तिनं ते गोठवून ठेवलं होतं. केशरबाई नावाची एक मेंढरं राखणारी बाई होती, तिची बोटं बाभळीच्या मुळ्यांसारखी वळलेली. संगीतानं तिला समजावलं होतं, की राखणीचं कुत्रंच आपल्या मेंढराला चावायला लागावं, तसा हा रोग. केशरबाई म्हणाली होती, “आसं कुत्रं मारीत न्हाईत बाई. बांधून ठेवत्यात, सवय मोडत्यात.” इतक्या नेमक्या शब्दांत उपचार संगीतालाही सांगता आले नसते.

केशरबाईच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं, सत्यशीलाचं, रक्त सतरा नंबरच्या नळीत गेलं होतं. ती पोर जाताना दारात थांबून म्हणाली होती, “माझ्यात काय निघालं तर सांगाल का? पर मलाच. दुसऱ्या कुणाला न्हाई.” संगीतानं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

आणि निघालं होतं. भरपूर निघालं होतं.

सांगायला ती तलवाड्याला गेली, तर पोरीचं लग्न होऊन गेलेलं. केशरबाईनं मेंढवाड्याचं फाटक लावून घेतलं आणि मेंढरांकडं बघतच म्हणाली, “कुठं दिली ते इचारू नका. सासरी कळलं, तर नांदवणार न्हाईत तिला.” पुढं संगीतानं गावोगावच्या याद्या पाहिल्या. सत्यशीला नावाची त्या वयाची सून कुठंच सापडली नाही. सतरा नंबरपुढं ‘पत्ता लागत नाही’ असं तिनंच लिहिलं. देवीपुढं हात जोडताना मात्र ते नाव रोज ओठांवर यायचं.

“माहेरचं नाव काय?” तिनं विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

तरुणीनं तोंड उघडायच्या आतच वत्सलाबाई बोलल्या.

“सत्यशीला! एवढं लांब नाव, हाक मारूस्तवर मेंढरू दुसऱ्याच्या रानात जायचं. लग्नात आमच्या लेकानं, सोमेश्वरानं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं उज्ज्वला लिवलं, अन् निम्मे तांदूळ खाली सांडले. तवाधरनं उज्ज्वलाच.”

संगीता स्वतःशीच ओशाळली. तिच्या आईलाही दोन नावं होती, माहेरचं वेगळं आणि सासरचं वेगळं. या भागात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तरी इतकी वर्षं तिनं स्वतः आखलेल्या अर्जात त्यासाठी एक रकाना नव्हता.

“मी वळखलं व्हतं तुमाला,” सत्यशीला पुटपुटली. “आल्या आल्याच.”

तिची नजर नळीवर होती. त्या नजरेत प्रश्न होता, आणि भीतीही. संगीतानं नळीवर नंबर चिकटवला. आठ वर्षांपूर्वीचं रक्त आणि हे रक्त आता शेजारी शेजारी ठेवता येणार होतं. याचसाठी तर सगळा खटाटोप. पण आधी दिलेला शब्द होता, आणि सासू दोन हातांवर उभी होती.

“मावशी,” ती म्हणाली, “जरा पाणी आणता का?”

वत्सलाबाईंनी टेबलावरच्या भरल्या तांब्याकडं पाहिलं. मग संगीताकडं. मग पदर सावरून हसल्या.

“मला काढायलाव व्हय हितनं?”

संगीतानं भरला तांब्या उगाच बाजूला सरकवला.

“बाई, लग्नात ओटी भरताना इहिणीचे हात बघितलते मी. नारळ उचलंना तिला, दोन मनगटांत धरून घातला माझ्या ओटीत. आमचे मालक म्हणले, माय अशी, तर लेक कशी निघंल? म्या म्हणलं, मेंढरू न्हाई घ्यायचं आपल्याला, सून आणायची हाय.”

सत्यशीलानं वळून सासूकडं पाहिलं. तिच्या दंडावरचा कापूस गळून पडला.

“आत्याबाई, तुमाला म्हाईत व्हतं?”

“आठ वर्सं तुझ्या बोटांकडंच तर बघायले. न्हाईतर गुंडीकडं कोण ध्यान देतंय?”

“मंग कधी बोलला कावून न्हाई?”

“तुझ्या मायला वाटतंय, आमाला म्हाईत न्हाई. वाटू दे. म्हातारीची झोप कावून मोडायची?” त्यांनी नाक पुसल्यासारखं केलं आणि चपला शोधल्यासारखं खाली पाहिलं, चपला मंडपाबाहेर होत्या. “तुमचं काय बोलायचं ते बोला. मी मारुतीला प्रदक्षिणा घालते. अकरा घालीन. लागल्या तर एकवीस.”

त्या गाभाऱ्याच्या बाजूनं वळल्या. दोनच पावलांवर कुणाला तरी “सरक की जरा, रस्ता दे,” म्हणाल्याचं ऐकू आलं.

संगीतानं नळ्यांचा ट्रे मदतनीस हनुमानच्या पुढ्यात सरकवला. “पुढचे दोघं तू बघ,” ती म्हणाली आणि उठली. सत्यशीलाही उठली. संगीतानं तिचा हात बोटांना धरला नाही, कोपराखाली धरला. मंडपाच्या पायऱ्या उतरून दोघी पलीकडच्या लिंबाच्या पाराकडं निघाल्या, जिथं त्या वेळी कुणीच बसलेलं नव्हतं.