अंगठेबहाद्दर

आमच्या वकील संघाने ‘वकील आणि समाजमाध्यमं’ या विषयावर बोलायला मला बोलावलं, ते माझा अभ्यास बघून नव्हे. आधी तिघांना विचारून झालं होतं. पहिल्याने न्यायाधीशांच्या खांद्यावर हात टाकलेला स्वतःचा फोटो ‘जुनी मैत्री’ म्हणून टाकला होता. दुसऱ्याने घटस्फोटाचा खटला जिंकल्याची खुशखबर नवराबायको दोघांच्याही नावांसकट दिली होती. तिसरा लोकांच्या प्रश्नांखाली फुकट सल्ले वाटता वाटता एकाच भांडणातल्या दोघांना एकमेकांविरुद्ध सल्ला देऊन बसला होता. राहिलो मी. मी काहीच केलं नव्हतं, आणि आमच्या धंद्यात काहीच न करणाऱ्याला चारित्र्यवान म्हणतात.

चाळीस मिनिटं बोललो. अशिलाची गोष्ट नाव गाळून सांगितली तरी ती सांगितलीच, असं म्हणालो. चालू खटल्याबद्दल अवाक्षर काढू नका म्हणालो. गिऱ्हाइकं गोळा करायला बसाल तर वकील राहणार नाही, दुकानदार व्हाल, असंही म्हणालो. आणि शेवटी, “तुम्ही तिथे जे जे ठेवता ते चौकात ठेवता,” या वाक्याला टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत माझा कॉलेजातला सोबती बसला होता. कलमं घडाघडा म्हणायचा म्हणून त्याला आम्ही पोपट म्हणायचो. हल्ली तो कंपन्यांची कामं बघतो आणि पोपट दुसऱ्यांचा करतो. माझं चौकाचं वाक्य त्याने वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं.

त्याच दिवसांत पोपटाच्या एका कंपनीविरुद्ध माझा खटला चालू होता.

माझी अशील हॉस्पिटलात फरश्या पुसायची. तिचा नवरा कंपनीच्या गोदामात क्रेन चालवायचा. एका सकाळी क्रेन थांबायला हवी तिथे थांबली नाही, आणि तो गेला. कंपनीने अपघाताचा अहवाल केला. त्यात एक ओळ होती: ‘चालक दारूच्या नशेत होता.’

पहिल्यांदा ऑफिसात आली तेव्हा ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, जणू खुर्ची नुकतीच पुसलीय.

“भरपाई किती मागायची ठरवलंय?” मी विचारलं.

“ते तुम्ही बघा साहेब. पैसे कुणाला नको असतात? पण आधी ती ओळ खोडा.”

“ओळ खोडली गेली की बाकीचं आपोआप—”

“साहेब, याचा बाप दारूने गेला. म्हणून हा खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन मग प्यायचा. आता मुलगी विचारते, आई, बाबा प्यायचे का गं? मी म्हणते, नाही. ती म्हणते, मग कागदावर कसं लिहिलंय? तिला मी उत्तर देते हो, कागदाला काय उत्तर देऊ?”

मी वकीलपत्र पुढे केलं. तिला सही येत नव्हती, वाचताही येत नव्हतं. मी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवलं, आणि वर उपदेशही केला. उपदेशाचे मी वेगळे पैसे घेत नाही.

“एक लक्षात ठेवा बाई. कुणीही कागद पुढे करो, अगदी मी केला तरी, वाचून घेतल्याशिवाय अंगठा करायचा नाही. अंगठा म्हणजे तुमचा शब्द. दिला की दिला.”

“बरं साहेब,” ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

दोनदा नुसताच डाग उठला. फिनेलने तिच्या बोटांवरच्या रेषा खाल्ल्या होत्या. “फरश्या पुसता पुसता मीच पुसली गेले बघा,” म्हणत ती हसली. तिसऱ्या वेळी अंगठा उमटला. शाई तिने केसांना पुसली आणि गेली.

खटला चांगला होता, आणि तो चांगला होता एका माणसामुळे. गोदामातल्या जुन्या फिटरने अपघाताच्या अकरा दिवस आधी ‘ब्रेक घसरतोय’ असं लिहून दिलं होतं. कंपनीने तो कागद हरवला होता, पण फिटर हरवलेला नव्हता. त्या सकाळी तिच्या नवऱ्याशी पाच मिनिटं बोललेला, तो शुद्धीत होता हे सांगू शकणाराही तोच. आता तो निवृत्त होता, कुणाच्या बापाला भीत नव्हता आणि साक्षीला यायला तयार होता. त्याच्याशिवाय माझ्याकडे होतं ते म्हणजे माझं वक्तृत्व.

आता माझ्या मेहुण्याकडे वळतो. प्रत्येक घराला एक मेहुणा असतो, आणि माझा जाहिरातीच्या धंद्यात आहे. संघाने माझ्या व्याख्यानाचा फोटो टाकल्यावर तो घरीच आला.

“दाजी, दोनशे सव्वीस अंगठे!”

“कसले?”

“लाइक हो. तुमच्या फोटोला. आता परतफेड करा. ज्याने तुम्हाला दिला त्याच्या पानावर जायचं आणि त्याला एक द्यायचा. नाहीतर लोक म्हणतात, वकील माजला.”

“आणि माझे नियम?”

“तुमचे नियम लिहिण्याबद्दल आहेत. यात कुठे काय लिहायचंय? नुसता अंगठा!”

बायको आतून म्हणाली, “ऐका कधीतरी माझ्या भावाचं.” मेहुण्याचा मुद्दा मला बिनतोड वाटला. तोंडाला कुलूप घालायचं एवढंच मी लोकांना शिकवलं होतं. अंगठा कुठे असतो, काय करतो, याची चौकशी माझ्या चाळीस मिनिटांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत, कोर्टाच्या कँटीनमध्ये, मी परतफेडीला बसलो. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात फोन. पहिल्या तीसएक जणांचं वाचलं. कुणाची नवी गाडी, कुणाचा नातू, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. पुढे वाचणं सुटलं. टपालखात्यातला कारकून शिक्के मारतो तसा मारत गेलो. चहा येईपर्यंत दोनशे सव्वीसही झाले. कुणाचं देणं राहिलं नाही म्हणून समाधानाने बिस्किट बुडवलं.

चौथ्या दिवशी फिटरचा फोन आला.

“साहेब, मी साक्षीला येणार नाही.”

“का? कुणी धमकावलं का?”

“मला कोण धमकावणार? तुम्हीच तिकडचे झालात, मग मी एकटा तिथे उभा राहून काय करू?”

त्याच्या फोनवर कुणीतरी एक चित्र पाठवलं होतं. त्याने ते मला पाठवलं. कंपनीचं पान. पिवळं हेल्मेट. खाली मजकूर: ‘कामावर नशा म्हणजे मृत्यूला आमंत्रण. गेल्या वर्षीच्या दुर्घटनेने आम्हाला हेच शिकवलं.’ त्याखाली काळ्या कोटातला माझा छोटा फोटो, आणि शेजारी अंगठा. म्हणजे दोनशे सव्वीसांत कंपनीही होती. तिने माझ्या नीतिमत्तेच्या व्याख्यानाला अंगठा दिला होता, आणि मी सभ्य माणसासारखा तो परत केला होता.

“अहो, चुकून झालं,” मी फिटरला म्हणालो. “हात लागला.”

“साहेब, मी अडतीस वर्षं मशीनवर होतो,” तो म्हणाला. “हात चुकून लागला म्हणून मशीन कुणाचं बोट परत देत नाही.”

मी अंगठा काढून टाकला. सोपं असतं ते. पुन्हा एकदा टेकवला की जातो, मागे डागसुद्धा राहत नाही. मग कोर्टाच्या व्हरांड्यात पोपटाला गाठलं.

“ते चित्र साक्षीदाराकडे तू पाठवलंस?”

“मी कशाला पाठवू? चौकातच होतं की. वाक्य तुझंच आहे, फार आवडलं होतं मला.”

“मी तो काढलाय.”

“बघितलं. काढल्याचाही फोटो आहे. लोक विचारतील, काही नव्हतं तर काढला कशाला?” त्याने माझ्या कोटावरचा एक केस झटकला. “तब्येतीला जप. रोडावलास.”

मेहुणा म्हणाला, “दाजी, एक स्पष्टीकरण टाका. आमचं ठाम म्हणणं आहे की चालक प्यायलेला नव्हता, वगैरे.”

“ते चालू खटल्याबद्दल होईल. शिवाय तिच्या घरातली गोष्ट चौकात जाईल.”

“मग जाऊ दे ना!”

“मीच नको म्हणून सांगितलंय.”

“तुमचे नियम तुम्हालाच नडतात राव,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचं खरं निघालं. फिटरच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्याने चहा दिला आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलला. मी एकही नियम मोडला नाही. सगळे शाबूत आहेत, हवं तर मोजून घ्या.

मग बाई आली. या वेळी बसली नाही. तिने फोन टेबलावर ठेवला.

“हा तुमचाच फोटो ना? काळा कोट?”

“हो.”

“आणि हा अंगठा?”

“माझाच.”

“मला वाचता येत नाही साहेब, पण अंगठा ओळखता येतो. वरचं मुलीने वाचून दाखवलं.”

यानंतर जे बोललो ते मी कुठल्याही न्यायाधीशापुढे बोललो असतो तर सुटलो असतो. “बाई, खरं सांगतो, मी ते वाचलंच नव्हतं.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी अक्षराकडे बघतात तशी.

“न वाचता केलात?”

“हो.”

“मला येत नाही म्हणून मी कुणाकडून तरी वाचून घेते. तुम्हाला तर येतं.”

मी दुसरा वकील बघून देतो म्हणालो. चांगला आहे, पैसे घेणार नाही म्हणालो.

“दुसरा वकील मिळेल,” ती म्हणाली. “दुसरा फिटर कुठून आणणार?” मग शेवटी खुर्चीवर टेकली. “कंपनीचा माणूस घरी आला होता. तडजोड करा म्हणतो. मुलीचं शिक्षण होईल एवढं देतात. पण ती ओळ तशीच राहणार. आणि मी ती मान्य केली असं लिहून द्यायचं.”

“देऊ नका,” मी म्हणालो.

“मग काय करू?”

 माझ्याकडे पंचवीस वर्षांची वकिली होती फक्त.

तारखेला आम्ही कोर्टातल्या कारकुनाच्या टेबलापाशी उभे राहिलो. तडजोडीचा कागद पोपटाने करून आणला होता, अडीच पानांचा, सुबक. कारकुनाने शाईचा पॅड सरकवला. “बाई, इथे, इथे आणि मागच्या पानावर.”

“आधी वाचून दाखवा,” ती म्हणाली.

कारकुनाने पोपटाकडे बघितलं. पोपटाने चष्मा काढला. ती माझ्याकडे वळली.

“तुम्ही वाचा साहेब. तुमचं एक वाचायचं राहिलंय.”

मी वाचायला लागलो. वकिलाच्या वाचनाला एक चाल असते, अडचणीचं वाक्य आलं की ती आपोआप वाढते. ‘अपघात अहवालातील सर्व नोंदी, चालक दारूच्या नशेत असल्याच्या नोंदीसह, अर्जदारास मान्य असून यापुढे त्याबाबत कोणतीही तक्रार—’

“ते परत वाचा.”

“कुठलं?”

“जे पळत वाचलंत ते. सावकाश.”

परत वाचलं. शब्द न शब्द. मागे कुणाच्या तरी खटल्याचा पुकारा चालला होता, तेव्हा थोडा आवाजही चढवावा लागला. ‘दारूच्या नशेत’ हे शब्द मी भर कोर्टात, खणखणीत, तिच्या तोंडावर वाचले. त्या खटल्यातलं माझं सर्वांत स्पष्ट बोलणं तेच.

“कळलं,” ती म्हणाली. अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला. डाग उठला. परत डाग.

“जरा दाबा की बाई,” कारकून वैतागला. “फुलाला हात लावताय का?”

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सगळा भार घातला. उमटला. मग दुसरीकडे, मग मागच्या पानावर. पोपटाने कागदावर फुंकर घातली आणि फाईल बंद केली.

मी खिशातून रुमाल काढला. तिने घेतला नाही. केसांनाही हात लावला नाही.

“पुसा ना,” मी म्हणालो. “कपड्याला लागेल.”

“राहू दे. मुलीला दाखवायचाय. सांगीन, मी वाचून घेऊन केलाय.”

आणि शाई कशाला लागू नये म्हणून अंगठा वर धरून ती जिना उतरून गेली.