पडण्याचा आवाज

स्टुडिओत त्यांना सगळे धडाममास्तर म्हणत. घाई असली की नुसतं मास्तर. सात मिनिटांच्या कार्टून फिल्ममध्ये मांजर उंदरामागे धावतं. त्या धावण्याला, आपटण्याला, दारात शेपूट सापडण्याला आवाज पुरवायचं काम त्यांचं. चित्रं काढायला बारा जण आणि आवाजाला हे एकटे. मांजर इस्त्रीच्या टेबलावरून घसरलं की मास्तर ओला रबरी हातमोजा पत्र्यावर ओढत, उंदीर सटकला की काड्यापेटीवर नखं वाजवत. मांजर जिन्यावरून गडगडलं त्या दिवशी तर शेजारच्या दुकानातला नवीन माणूस धावत आला होता, कुणाचा जीव गेला की काय म्हणून. मास्तर फुटक्या कपबश्यांच्या ढिगात उकिडवे बसलेले, हातात पातेल्याचं झाकण, आणि चेहरा पोस्टात तिकिटं विकणाऱ्यासारखा. "दार लावा," एवढंच म्हणाले, "तुमचा श्वास आत येतोय."

पडण्याचा त्यांचा ठरलेला क्रम होता. आधी वरून खाली येणारी शिट्टी. मग पडद्यावर मोजून आठ चित्रं सरकतील एवढी शांतता. मग धडाम. आणि सगळं संपलं असं वाटत असताना एखादं झाकण घुमत घुमत शेवटी निपचित होणारं. लोक धडामला हसत नाहीत, त्याआधीच्या शांततेला हसतात, असं ते नव्या लोकांना सांगत. आणखी एक सांगत, की खरा आवाज पडद्यावर खोटा वाटतो. तीस वर्षं सांगत होते, आणि स्वतःच्या घरात नेमकं तेच विसरले.

बायको गेली ती एका मंगळवारी सकाळी, बाथरूममध्ये पडून. मास्तर त्या दिवशी घरीच होते. जेवणाच्या टेबलावर पुढच्या पाठलागाचा तक्ता पसरून, कुठल्या चित्राला कुठला आवाज ते पेन्सिलीने मांडत बसले होते. दुपारी लेक आली, आई दिसेना म्हणून बाथरूमचं दार ढकललं, तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर अर्ध्या तासात आणलं असतं तर काही करता आलं असतं. डॉक्टर लोक खरं बोलतात, पण कधी कधी बोललं नाही तरी चालतं.

"बाबा, तुम्हाला आवाज नाही आला?" लेकीने विचारलं होतं.

"नाही," मास्तर म्हणाले होते.

एका शब्दाचं उत्तर, विचार न करता तोंडून गेलं. पुढे तेच घरभर पसरलं. मावशी म्हणाली, दहा पावलांवर बसलेला माणूस, त्याला ऐकू येत नाही म्हणजे काय? त्यावर लेक तिच्या अंगावर धावून गेली. "आयुष्यभर पत्रे बडवलेत त्यांनी, मावशी. कान राहतील कसे?" तेव्हापासून ती बापाशी मोठ्याने बोलू लागली. दाराची बेल बदलून कर्कश आणली. रोज संध्याकाळी येऊन, समोर बसून, ओठ नीट हलवत विचारायची, "जेवलात का?" मास्तर मान हलवायचे.

त्यांना आत काहीच होत नव्हतं. रडू यायला हवं हे कळत होतं, घड्याळ बघून जेवायची वेळ कळावी तसं. बायकोच्या चपला दाराशी तशाच होत्या. ते रोज त्या ओलांडून जात. आठव्या दिवशी कामावर गेले, मांजराला दोनदा भिंतीवर आपटलं, आणि दोन्ही आपटणी चोख झाली.

आवाज आला होता. तेवढं मात्र त्यांना स्वच्छ आठवत होतं. मऊ, दोन तुकड्यांत. त्यांची पेन्सिल क्षणभर थांबलीही होती. कुणी पडलं का? छे. हे पडणं नव्हे. ना घसरण, ना मधली शांतता, ना मागून काही खणखणलं. टॉवेल खाली आला असेल. तीस वर्षांच्या कानाने निवाडा दिला आणि मास्तर तक्त्याकडे वळले.

सहा आठवड्यांनी मालकाने बोलावून घेतलं. लेकीने रजेसाठी फोन केला होता तेव्हा मास्तरांचे कान गेल्याचं तिच्याकडूनच त्याला कळलं होतं. मालक माणूस वाईट नव्हता, फक्त सांभाळून होता. "मास्तर, ऐकू न येणाऱ्याला मी आवाजाच्या खोलीत कसा बसवू? कान तपासून कागद आणा. कान चांगले निघाले तर पुढचा पाठलाग तुमचाच."

झालं, इकडे आड तिकडे विहीर. कान चांगले म्हणावेत, तर लेक गेली. वाईट म्हणावेत, तर काम गेलं. आणि घरी त्या टेबलाशी दिवसभर बसायचं. रात्रभर विचार केला असं म्हणायला हवं, पण मास्तरांना झोप लागली. सकाळी ठरवूनच उठले, काम जाऊ दे.

हॉस्पिटलात लेक सोबत आली. तपासणाऱ्या बाईने त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज ऐकू आला की दाबायचं. कितीही बारीक असू दे."

पहिला आवाज बारीक होता. मास्तरांनी अंगठा हलवला नाही. दुसरा त्याहून बारीक. तोही जाऊ दिला. सोपं होतं. मग त्यांनी मान वर केली. काचेपलीकडे लेक उभी होती, त्यांच्याकडे बघत. बटण दाबलं जात नाहीये हे तिला दिसत होतं, आणि ती हसली. भ्यायलेल्या लहान मुलाला धीर द्यावा तसं, मान डोलावून. आईला गमावलेली पोर बापाला सांभाळत होती, आणि बाप तिला फसवत होता. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मास्तरांच्या छातीत काहीतरी दुखलं.

पुढचा आवाज आला तेव्हा त्यांनी बटण दाबलं. त्याच्या पुढच्यालाही दाबलं. शेवटी शेवटी तर आवाज म्हणावा असं काही उरलंच नव्हतं, तरीही दाबलं.

"सुरुवातीला दोन चुकले, लक्ष नसेल," बाई कौतुकाने म्हणाल्या. "बाकी कान खणखणीत. पंचविशीतल्या पोराला एवढं ऐकू येत नाही." कागद त्यांनी लेकीच्या हातात दिला.

ती उभ्याउभ्याच वाचत राहिली. मग बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. मास्तर शेजारी बसले.

"त्या दिवशी ऐकू आलं होतं," ती म्हणाली. हळू आवाजात.

"हो."

"मग उठला का नाहीत?"

"टॉवेल पडला असं वाटलं."

"टॉवेल." तिने कागदाची घडी घातली. "असा कसा आवाज होता, बाबा?"

सांगता आलं नसतं. मास्तरांनी तिचा कोट मागून घेतला, तिची पर्स त्यात गुंडाळली, एक बाही मोकळी सोडली. गुंडाळी बाकाच्या कडेवर ठेवली, बाही बुटाखाली धरली, आणि गुंडाळी खाली सोडली. आधी वजन, मग कापड. लगेच संपलं. समोरून जाणाऱ्या नर्सने वळूनही पाहिलं नाही.

"परत," लेक म्हणाली.

त्यांनी परत केलं. या वेळी तिने डोळे मिटले होते. कोट जमिनीवर पडला तरी ती ऐकतच राहिली, पुढे काही यायचं असल्यासारखी. काही आलं नाही. मास्तरांना वाटलं, आता ही म्हणेल, मलाही कळलं नसतं. ते वाट बघत होते. तेवढं एक वाक्य तिच्या तोंडून आलं असतं, तर घरी जाऊन त्या चपला त्यांनी उचलल्या असत्या.

तिने डोळे उघडले.

"मी उठले असते," ती म्हणाली.

"हो," मास्तर म्हणाले. "तू उठली असतीस."

तिने कोट उचलला, पर्स काढून घेतली, कोटाला लागलेली धूळ झटकली. मग दोघं बसस्टॉपकडे चालू लागली, ती दोन पावलं पुढे.