पान चौदावरचं प्रश्नचिन्ह

जावई मला गुरुजी म्हणतो. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. एकोणचाळीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली. कायद्याची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, शाळेचे नकाशे. पण डोळ्यांवर चष्मा आणि हातात पुस्तक एवढ्या भांडवलावर त्याने मला हे नाव दिलं, आणि तो ते अशा सुरात उच्चारतो की पुढे 'आता गप्प बसा' हे वेगळं सांगावं लागत नाही. मी गप्प बसतोच. मला राग येतो तो जावई जिना उतरून गेल्यावर.

बायकोच्या सत्तरीला त्याने आठ दिवसांची क्रूझ ठरवली. लेक, जावई, ही आणि मी. हिचे वडील मालवाहू बोटीवर आचारी होते, वर्षातले दहा महिने पाण्यावर. लहानपणी ही आईचा हात धरून त्यांना पोचवायला जायची, पण धक्क्याच्या फाटकाच्या आत घरच्यांना सोडत नसत. फाटकाच्या गजांमधून जेवढं दिसायचं तेवढी बोट हिने पाहिली होती. त्यामुळे जावयाने तिकिटं टेबलावर ठेवली तेव्हा ती उठून शिवणयंत्रापाशी गेली आणि सुईत दोरा ओवत बसली. दोरा काही लवकर ओवला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने निळं कापड आणलं. जहाजावर एका रात्री कप्तानाबरोबर जेवण असतं म्हणे, त्यासाठी लांब ड्रेस. उरलेल्या कापडातून चौघांसाठी गळ्यात अडकवायच्या चार पिशव्या केल्या, कागदपत्रांसाठी. तिने तीस वर्षं दुकानांसाठी बाह्या शिवल्या आहेत. अंदाजाने कापणं तिला ठाऊक नाही. तिने प्रत्येकाचा पासपोर्ट मोजला, प्रत्येकाची मान मोजली.

कोणते कागद न्यायचे हे ठरवायला जावई एका रविवारी आला. जेवणाच्या टेबलावर सगळं पसरलं. ओळखपत्रं, पासपोर्ट, जन्माचे दाखले, आमच्या लग्नाचा पिवळा पडलेला दाखला. त्याच्या ओळखीच्या एका एजंटाने सांगितलं होतं की जहाज इथूनच सुटतं आणि इथेच परत येतं, तेव्हा फोटो असलेलं कुठलंही सरकारी ओळखपत्र चालतं. पासपोर्ट असला तर हरकत नाही, नसला तरी अडत नाही. जावयाने पत्ते वाटावेत तसे चार ढीग केले आणि म्हणाला, झालं. कंपनीने पाठवलेली चाळीस पानी पुस्तिका त्याने उघडलीही नव्हती. ती मी वाचली. मला दुसरं काय येतं?

पान चौदावर खाली, बारीक टायपात, एक नियम होता. तिसऱ्या दिवशी जहाज परक्या देशाच्या बंदरात सात तास थांबतं, त्यामुळे प्रत्येक प्रवाशाकडे पासपोर्ट हवा आणि तो परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. बंदरावर न उतरणाऱ्यांकडेही.

हिच्या पासपोर्टचे चार महिनेच उरत होते. आम्ही दोघांनी एकाच दिवशी पासपोर्ट काढले होते, एका लग्नाला जायचं म्हणून. ते जाणं झालं नाही. हिने तिचा कपाटात, कापूर घातलेल्या डब्यात ठेवला. मी माझा एका जाड पुस्तकात खूण म्हणून घातला, पुस्तक ग्रंथालयात परत केलं, आणि तो कुणाला सापडला नाही. मला नवा काढावा लागला. म्हणून माझा अजून चार वर्षं चालणार होता. नीट सांभाळलेला संपत आला होता, हरवलेल्याच्या जागी आलेला ताजा होता. हे पाहून मला तेव्हाच जोरात बोलायला हवं होतं.

बोललो, पण कसं? ही आत यंत्रावर होती. मी जावयाला गॅलरीत नेऊन पान दाखवलं. त्याने ओळीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं आणि एजंटाला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. एजंट हसला. म्हणाला, ते परदेशी नागरिकांसाठी असतं हो काका, मी आठ वर्षं हेच करतोय. जावयाने फोन खिशात घातला.

"गुरुजी, ही कादंबरी नाही. बारीक अक्षर वाचायचं नसतं, सही करायची असते."

आमच्या छापखान्यात एक पद्धत होती. चूक नक्की असेल तर लाल शाईने दुरुस्त करायची. नुसती शंका असेल तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि निर्णय लेखकावर सोडायचा. माझी लाल शाई वर्षभर पुरायची, पेन्सिली आठवड्याला संपायच्या. मी पान चौदाच्या समासात एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुस्तिका टेबलावर ठेवून दिली.

इतकंच केलं असतं तरी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पण मंगळवारी फिरायला जातो म्हणून मी पासपोर्ट कचेरीत गेलो. तिथे भिंतीवर पाटी होती: तातडीचे अर्ज, दहा दिवस. जहाज सुटायला सतरा दिवस होते. मी पाटी दोनदा वाचली. मग वाटलं, आठ वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला कळणार नाही आणि मला कळेल? ओळीचा अर्थ मीच चुकीचा लावला असेल. घरी आलो. संध्याकाळी ही माझ्या गळ्यात पिशवीची दोरी अडकवून माप घेत होती. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून तिने विचारलं की मी ते सगळं वाचलंय ना, ठीक आहे ना सगळं. मी म्हणालो, एजंट म्हणतोय तर असेल.

बंदरावरचा हॉल क्रिकेटच्या मैदानाएवढा होता. मोठ्या बॅगा दारातच घेऊन पट्ट्यावर टाकल्या, त्या थेट जहाजात गेल्या. मग दीड तास रांग. काचेतून जहाजाची पांढरी बाजू दिसत होती, नुसती बाजूच, एवढं ते उंच होतं. ही मान वर करून खिडक्यांचे मजले मोजत होती आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता.

काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्रं बाजूला सारली आणि पासपोर्ट मागितले. तीन पासपोर्टांवर झटपट शिक्के पडले. चौथ्यापाशी तिने बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले, आणि आवाज खाली आणून सांगितलं की आजींना जाता येणार नाही.

जावयाचा आवाज छताला लागला. त्याने साहेबांना बोलवायला सांगितलं. साहेब आले. ते न चिडता बोलत होते, आणि त्यामुळे जावई आणखी चिडत होता. त्यांनी पुस्तिकेची प्रत आणली आणि पान चौदावर बोट ठेवलं. एजंटाचा फोन लागत नव्हता. लेक रडकुंडीला आली होती. मी काय करत होतो? मी गळ्यातली निळी दोरी बोटाला गुंडाळत होतो.

हिने आपल्या हातपिशवीतून आमची प्रत काढली. नियम आपल्या डोळ्यांनी वाचायचा होता तिला. पान उघडलं, वाचलं, आणि तिचं बोट समासात जाऊन थांबलं.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली. विचारलं नाही.

मी हो म्हटलं.

"कधीचं?"

"एकोणीस दिवस झाले."

तिने बोट उचललं नाही. "मी तुम्हाला विचारलं होतं. माप घेताना विचारलं होतं."

"एजंट म्हणाला..."

"मी एजंटाशी लग्न केलेलं नाही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. ती वळलीसुद्धा नाही. पुढे ती जे बोलली ते इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं. मी गेल्या पन्नास वर्षांत नक्की ठाऊक असूनही किती ठिकाणी पेन्सिल वापरली ते तिने सांगितलं. लेकीची शाळा. तिच्या भावाने घेतलेली जागा. तिचा गुडघा, ज्याचं ऑपरेशन चुकीचं होतंय हे मी आधीच वाचलं होतं. सगळं पाठ होतं तिला. मला वाटत होतं माझी प्रश्नचिन्हं कुणाला दिसत नाहीत.

साहेबांनी एक फॉर्म दिला. तिची बॅग जहाजातून उतरवायची तर तो भरावा लागणार होता, आणि त्यात न जाण्याचं कारण लिहायचं होतं. नेमका त्याच वेळी एजंटाचा फोन लागला. त्याने शक्कल सांगितली: आजारपण लिहा, म्हणजे पुढच्या फेरीत जागा मिळते, कागदपत्रांची चूक लिहिलीत तर मिळत नाही. जावयाने भराभर 'अचानक आजारपण' लिहिलं आणि फॉर्म हिच्यापुढे सरकवला. माझ्याकडे पाहून म्हणाला, गुरुजी, आता तरी मध्ये पडू नका.

"मी ठणठणीत आहे," ही म्हणाली. पेन तिने हातात घेतलं नाही.

ते मी घेतलं. नेहमीची भीती ह्या वेळी नव्हती, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती ह्या पोरावरची कमी, माझ्यावरची जास्त होती. मी 'अचानक आजारपण' आडव्या रेघेने खोडलं. खाली लिहिलं: 'पान चौदावरचा नियम तिच्या नवऱ्याने वाचला होता. त्याने तिला सांगितलं नाही.' आणि सही केली.

जावयाने वाचलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, होती नव्हती ती संधीही तुम्ही घालवलीत, गुरुजी.

"मी गुरुजी नाही," मी म्हणालो. "मी प्रुफं तपासायचो. ही चूक मी त्या रविवारीच काढली होती. तू हसलास, आणि मी तुला हसू दिलं."

साहेबांनी फॉर्म घडी करून फायलीत घातला.

हिने लेकीला आणि जावयाला जायला लावलं. लेक नको नको म्हणत होती, तेव्हा ही म्हणाली, आता तूही घरी बसून मला चहा विचारत राहिलीस तर माझं डोकं आणखी फिरेल. ती दोघं गेली. मग ही माझ्याकडे वळली.

"तुम्हीही जा. तुमचे कागद चोख आहेत."

मी थांबतो म्हणालो.

"मला तुमच्याबरोबर घरी जायचं नाही. निदान आठ दिवस तरी नाही."

"तरी मी थांबणार आहे," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या खुर्चीने उत्तर दिलं होतं.

बॅगा यायला दोन तास लागले. आम्ही बाकावर बसलो होतो, मध्ये तिची हातपिशवी. जहाज हललं ते कळलंच नाही. मी पाहिलं तेव्हा काचेत पांढऱ्या भिंतीच्या जागी पाणी होतं. तिने शेवटपर्यंत तिकडे पाठ ठेवली होती. बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली, मी मागच्या. घरी पोचल्यावर तिने निळा ड्रेस बॅगेतून काढला, झटकला, आणि कपाटात न ठेवता यंत्रावर टाकला.

सकाळी ती कपडे करून दारात उभी होती. कुठे, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. पिशवी गळ्यात घातलेली पाहिली आणि मी चपला घातल्या. ती नको म्हणाली नाही, या म्हणाली नाही.

पासपोर्ट कचेरीत ती फॉर्म स्वतःच भरत होती. मी पेन पुढे केलं, तिने पर्समधलं आपलं काढलं. मी जरा मागे उभा राहिलो, पण सवय सुटत नाही, खांद्यावरून वाचत होतो. जन्मतारखेच्या रकान्यात तिने पासपोर्ट दिल्याची तारीख लिहिली. मी खिशात हात घातला. पेन्सिल होती. मी ती तशीच ठेवली.

"चुकलं," मी म्हणालो.

बहुतेक फारच मोठ्याने. रांगेतली चार माणसं वळली, खिडकीतल्या कारकुनानेही मान वर केली. तिने रकाना पाहिला, तारीख खोडली, वर नीट लिहिली.

"हळू बोला," ती मान वर न करता म्हणाली. "बहिरी नाही मी."