दातेरी चाक

गोजरबाईनं पिशवीतून साबणाची वडी काढून ताडपत्रीवर ठेवली, तेव्हा भावसिंगला वाटलं, बाई साबण विकायला आली. आखाडा बाळापूरच्या बाजारात तो मोडकी खेळणी मांडून बसायचा.

"हिच्यावर चाकाचा ठसा हाय," ती म्हणाली. "असेच दाते पाहिजेत. लहान-मोठे चालायचे न्हाईत."

तिचा नवरा सोनाजी सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडायच्या कामावर होता. निवृत्त होऊन दोघं डोंगरकड्याला, आपल्या गावी आली आणि पुढच्याच वर्षी लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, बोटं मात्र आखडलेलीच राहिली. बोटांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मुलीनं, प्रतिक्षानं, नांदेडहून जुन्या ठोकळ्यांचा डबा आणून दिला. एकात एक बसणारे रंगीत ठोकळे, बारीक दांड्या, थोडी दातेरी चाकं. लेकरांचा खेळ म्हणून सोनाजीनं तो आधी खाटेखाली सरकवला.

मग एका दुपारी गोजरबाई शेतातून आली, तर तो भिंत रचत बसलेला. धरणाची भिंत होती ती. पुढं तिला दरवाजा झाला, वर दांडी, दांडीला दोरा, बाजूला फिरवायची मूठ. पण मूठ आणि दांडी जोडायला एक चाक कमी पडलं. सोनाजीनं डबा पालथा करून पाहिला, आणि सगळं तसंच टाकून भिंतीकडं तोंड करून निजला. तेव्हापासून त्यानं ठोकळ्यांना हात लावला नव्हता. जेवणसुद्धा मागून घेत नव्हता.

भावसिंगनं ढिगातलं एकेक चाक ठशावर टेकवून पाहिलं. एकही बसेना. कोणत्या लेकरासाठी पाहिजे, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो हसला नाही. चावीची एक मोडकी मोटार त्यानं खिळ्यानं उचकटली. आतलं पांढरं चाक ठशात बरोबर बसलं. पैसे त्यानं घेतले नाहीत. बायकोनं सकाळी साबण आणायला सांगितलाच होता, म्हणून ती वडी ठेवून घेतली.

घरी चाकाचं भोक दांडीपेक्षा मोठं निघालं. गोजरबाईला वाटलं, खेप वाया गेली. सोनाजी मात्र उठून बसला. दोऱ्याचं एक टोक दातात धरून तो डाव्या हातानं दांडीवर वेढे देऊ लागला. उजवी बोटं नुसती दाबून धरायची. तिनं हात पुढं केला.

"राहू दे," तो म्हणाला.

दिवेलागणीला चाक घट्ट बसलं. त्यानं मूठ तिच्याकडं वळवली. "फिरव."

"मी काहून? तुमी फिरवा की."

"तुला कवा वर येऊ दिलं न्हाई तिथं. फिरव."

तिनं भरकन मूठ फिरवली. लाल दरवाजा झटक्यानं वर गेला.

"असं न्हाई," सोनाजी म्हणाला. "हळू. खाली बाया धुणं धूत असतेत."

त्या बायांमध्ये इतकी वर्षं तीही होती. पाणी आधी घोट्याला लागायचं, मग दगडावर चढायचं. तोवर कपडे गोळा करून काठावर यायला वेळ मिळायचा. तो वेळ वरून कोणी देत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

तिनं दरवाजा पुन्हा खाली घेतला, आणि हळूहळू उचलू लागली.