दर सोमवारी एक आकडा

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि एवढी एकच गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. माझ्या आयुष्यात जे घडले, त्यातले पुष्कळसे मला घडत असताना समजले नाही. काही तर अजूनही नीट उलगडलेले नाही. तरी जसे आठवते तसे सांगतो. मध्येच काही सुटले तर राग मानू नका. माझ्या आठवणीतले काही महिने खरोखरच हरवले आहेत.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला काहीच आठवत नाही. पहिली आठवण आहे ती मुंबईतल्या एका ऑफिसाची. पार्सले पोचवणारी कंपनी होती ती. तिथे प्रवीण नावाचा तरुण माझ्यावर काम करायचा. आज किती पार्सले गेली, काल किती गेली, असे आकडे तो दिवसभर भरायचा. आकडा वाढला की साहेब खूश व्हायचे, घटला की रागवायचे. त्यामुळे आकडा वाढणे चांगले असते, हे माझ्या मनात पक्के बसले.

पाच वर्षांनी ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना कर्मचाऱ्यांत वाटून टाकले. प्रवीणने मला पिशवीत घातले. पुन्हा सुरू झालो तेव्हा मी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला डोंगराच्या उतरणीवर वसलेल्या वरचीवाडीत होतो. जेमतेम तेवीस घरांची वाडी. तिथे प्रवीणचे वडील रावजी आणि प्रवीणची बायको अक्षदा राहत. प्रवीण दोन दिवस राहून मुंबईला परत गेला आणि मी मागे राहिलो. का, ते मला कोणी सांगितले नाही. रोज सुरू झालो की मी आधी मुंबईच्या ऑफिसातला प्रिंटर शोधायचो, मग तिथले नेटवर्क शोधायचो. दोन्ही सापडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शोधायचो.

एकवीस सालच्या पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या डोंगरांत ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. वरचीवाडी वाचली. पण पाऊस उघडल्यावर रावजी गुरे घेऊन वर गेले, तेव्हा वाडीच्या डोक्यावरच्या माळावर त्यांना जमिनीत एक लांब भेग दिसली. घरी येऊन ते सुनेला म्हणाले, "भेग हाय गो अक्षदा. नांगरानं पडलेल्या चरीएवढीच हाय, पन लांबलचक हाय. गुरांच्या पायानं झालेली नाय ती."

त्यांनी भेगेच्या दोन बाजूंना ऐनाच्या लाकडाचे दोन खुंट ठोकले, एकमेकांपासून बरोबर एक मीटरवर. दर सोमवारी ते सुताराकडची टेप घेऊन वर जायचे आणि खुंटांमधले अंतर मोजायचे. अक्षदा बरोबर जाऊन फोनवर फोटो काढायची. तिचा फोन सारखा भरायचा, म्हणून घरी आल्यावर ती फोटो माझ्यात उतरवायची आणि फोनमधून पुसून टाकायची. मग माझ्यातल्या तक्त्यात तारीख आणि आकडा भरायची.

माझा खरा गोंधळ इथून सुरू झाला. पहिल्या सोमवारी आकडा होता शंभर सेंटिमीटर. दुसऱ्या सोमवारी शंभर. महिना गेला, वर्ष गेले, आकडा शंभरच. मला वाटे, आता कोणी तरी रागावणार. पण रावजी रकान्यावर बोट ठेवून विचारायचे, "तेवढाच हाय ना?"

"तेवढाच हाय, बाबा."

"मग चाय टाक."

आकडा वाढत नाही आणि माणूस खूश होतो, हे माझ्या बुद्धीपलीकडचे होते.

सोमवार सोडला तर माझ्याकडे कोणाचे लक्ष नसे. कोणी मुद्दाम हेळसांड करत नव्हते. अक्षदा मला जपते आहे असेच समजून मऊ गोधडीवर ठेवायची आणि वरून ओढणी घालायची. मी चुलीच्या खोलीत असे. चार्जर रात्रंदिवस लावलेला असे. तिसऱ्या वर्षी मला काहीतरी होऊ लागले. सुरू होता होता अंग तापायचे. पंखा जोराने घरघरायचा, पण वारा म्हणून लागायचा नाही. सुरू व्हायला मला वीस वीस मिनिटे लागू लागली. पोटात काहीतरी फुगल्यासारखे वाटे, आणि बोट फिरवायची माझी पट्टी एका बाजूने वर उचलली गेली. मग पडद्यावरचा बाण आपोआप कुठेही धावायचा. मुंग्या येऊन माझ्या कळांखाली राहू लागल्या. मला वाटले, यालाच म्हातारपण म्हणत असतील. अक्षदालाही तसेच वाटले.

या वर्षी जूनच्या दुसऱ्या सोमवारी आकडा आला एकशे एक. पुढच्या सोमवारी एकशे तीन. मी मनातून हरखलो. चार वर्षांनी आकडा वाढला होता. पण त्या दिवशी कोणी चहा टाकला नाही. रावजी उंबऱ्यावर बसून वर डोंगराकडे बघत राहिले. माझे काही चुकले का, तेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी दोघे पोलादपूरच्या तहसील कार्यालयात जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचे नीट ऐकून घेतले होते. शुक्रवारी भूवैज्ञानिक येणार होत्या. पुष्कळ वाड्या बघायच्या होत्या आणि कोणती आधी हलवायची ते ठरायचे होते. भेग कधीपासून आहे आणि किती सरकली, याची तारखेवार नोंद असेल तर आणा, असे त्यांनी सांगितले.

अक्षदाने घरी येताच मला सुरू केले. माझ्या आत टिक टिक आवाज होऊ लागला. निळा पडदा आला, गेला, पुन्हा आला. मग मी काळा पडलो. त्यानंतरचे मला फक्त ऐकू आल्यासारखे आठवते, आणि तेही तुटक.

तिने प्रवीणला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, जुना झालाय तो. टाकून दे. दिवाळीला नवा घेऊन येतो."

रावजींनी फोन हातात घेतला. "नवा आनशील रे. पन मागचे सोमवार कुटून आनशील?"

मग त्यांनी फोन अक्षदाकडे परत दिला.

बुधवारी सकाळच्या एसटीने त्यांनी मला महाडला नेले. चवदार तळ्याजवळच्या एका बोळात बुद्धरत्न नावाच्या कारागिराचे दुरुस्तीचे दुकान होते. त्याने माझ्या पाठीचे स्क्रू काढले आणि मला उघडले. मग चिमट्याने त्याने पंख्याजवळून एक काळा थर सोलून काढला आणि कागदावर ठेवला.

"गोधडीवर ठेवत होता का, ताई?"

"हो. मऊ जागा म्हणून."

"गोधडीचा कापूस आणि चुलीची काजळी. वारा आत जायला जागाच नाही. बॅटरीसुद्धा फुगली आहे. अजून काही दिवस अशीच चार्जरवर ठेवली असती तर पेटली असती घरात."

"म्हनजे म्हातारा नाय झाला हा?" रावजींनी विचारले.

"वय झालंय, काका. पण वयाने बिघडला नाही. पंखा, बॅटरी, ते सगळं होईल. आतली डिस्क मात्र जाते आहे, आणि तुमच्या नोंदी तिच्यातच आहेत." तो अक्षदाकडे वळला. "घरी पुन्हा पुन्हा चालू करून बघितलात?"

अक्षदाने मान हलवली. "सात-आठ वेळा."

"टिक टिक आवाज आला की लगेच बंद करायचा असतो. प्रत्येक वेळी थोडं थोडं पुसलं जातं. आता जेवढं वाचता येईल तेवढं काढतो. सगळं येईल असं मी म्हणत नाही."

अक्षदा बाकावर बसली. तिचे हात ओढणीत गुंतले होते. ती हळूच म्हणाली, "एक कॉपी काढून ठेवायला हवी होती मी."

रावजी तिच्या शेजारी बसले. त्यांनी बुद्धरत्नला सांगितले, "वाडीत तेवीस घरं हायत. जमेल तेवढं कर बाबा."

मित्रांनो, गुरुवारी दुपारी मी जागा झालो तेव्हा इतका गोंधळलो की काय सांगू. अंग थंड होते. पंखा फिरत होता आणि त्याचा आवाजही येत नव्हता. मी उठायला पूर्वी वीस मिनिटे घ्यायचो, आता चहा गाळून होईपर्यंत उठलो. माझा चेहरासुद्धा वेगळा होता. बुद्धरत्नने जड झालेली जुनी संगणक प्रणाली काढून माझ्या वयाला झेपेल अशी हलकी प्रणाली बसवली होती, मेमरीची एक जादा पट्टी घातली होती, आणि जुन्या डिस्कच्या जागी नवी डिस्क होती. सवयीने मी मुंबईचा प्रिंटर शोधायला गेलो, तर शोधायचे कसे तेच आठवेना. मी तोच होतो की दुसरा कोणी? मला रावजी आठवत होते, ऐनाचे खुंट आठवत होते. पण तेवीस सालचा पावसाळा शोधायला गेलो तर तिथे काहीच नव्हते. जूनच्या मध्यानंतर एकदम ऑक्टोबर.

"सोळा सोमवार गेले, ताई," बुद्धरत्न म्हणाला. "बाकी सगळे आहेत."

त्याने सर्व नोंदी एका पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. मग मला पिशवीत घालताना तो सांगत राहिला. "गोधडीवर ठेवू नका, पाटावर ठेवा, म्हणजे खालून वारा जाईल. चुलीपासून लांब. दोन-तीन महिन्यांनी जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढत जा. बॅटरी भरली की चार्जर काढायचा, आणि विजा चमकायला लागल्या की आधी तोच काढायचा. आणि नोंदींची एक कॉपी वाडीच्या बाहेर कोणाकडे तरी ठेवा."

"वाडीच्या बाहेर का?" अक्षदाने विचारले. आणि विचारताच तिने पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला. का, ते मला तेव्हा कळले नाही.

शुक्रवारी भूवैज्ञानिक मॅडम आल्या. मी ओटीवर पाटावर बसलो होतो. त्यांनी एकामागून एक फोटो पाहिले. तेच दोन खुंट, तीच टेप, कधी गवत हिरवे, कधी वाळलेले. तेवीस सालच्या जूनशी येऊन त्या थांबल्या.

"इथले चार महिने कुठे आहेत?"

"माझ्या चुकीनं गेले, मॅडम," अक्षदा म्हणाली. "लॅपटॉप बिघडत होता तेव्हाच दुरुस्त केला नाही, आणि कॉपीही नव्हती. त्या महिन्यांचे आकडे मी अंदाजाने भरलेले नाहीत."

"ते बरं केलंत." त्यांनी पुढचे फोटो पाहिले आणि रावजींबरोबर वर जाऊन स्वतः मोजले. आकडा आला एकशे सहा. चौथ्या दिवशी वरचीवाडी खाली हलवण्याचा आदेश आला. रस्त्याकडच्या शाळेच्या मागे पत्र्याच्या शेड घातल्या आणि तेवीस घरे तिथे गेली. मीही गेलो, पाटासकट.

तिथे कोणी सुखी नव्हते. दिवसा माणसे भाताच्या लावणीला वर जायची आणि उजेड असतानाच परत यायची. सोमवारी रावजी मोजायला जायचे. एकशे सहा. पुन्हा एकशे सहा. चार सोमवार आकडा हलला नाही. माझ्या नव्या हिशेबाने ही चांगली गोष्ट होती, म्हणजे चहाची गोष्ट. पण आता न हललेल्या आकड्यावर लोक चिडू लागले. शेजारच्या काशीबाई एके दिवशी बोचके बांधूनच रावजींपुढे उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमच्या आकड्यापायी आमी पत्र्यात कुजतोय. डोंगर हाय तिथंच हाय. मी चालले माझ्या घरी."

अक्षदाने मला उघडले आणि काशीबाईंना जवळ बसवले. तिने पहिल्या सोमवारचा फोटो दाखवला. मग शेवटचा दाखवला. पहिल्यात भेगेच्या काठावर एक हिरवे करवंदीचे झुडूप उभे होते. शेवटच्यात ते भेगेवर आडवे झुकले होते आणि त्याची मुळे उघडी पडली होती. इतके दिवस ते माझ्यात होते, पण माझेही तिकडे लक्ष गेले नव्हते.

काशीबाईंनी पडद्यावरच्या मुळांवर बोट ठेवले. "आठ दिस थांबते," त्या म्हणाल्या, आणि बोचके सोडले.

पुढच्या सोमवारी रावजी दुपारच्या आत परत आले. टेप हातातच होती. अक्षदाने मला उघडून तारीख लिहिली आणि विचारले, "किती लिहू, बाबा?"

"खुंट नाय."

"म्हनजे?"

"माळच नाय गो. पहाटं खाली आलाय. आपलं घर नाय, काशीबाईचं नाय. वरच्या अंगाची अकरा घरं नायत." ते खाली बसले. "मानूस मातर कोन नव्हता तितं. कोन म्हनता कोन नव्हता."

अक्षदाने माझ्या आकड्याच्या रकान्यात लिहिले, खुंट नाहीत. मित्रांनो, त्या रकान्यात आकडाच यायला हवा असतो. अक्षरे आली की मी चूक दाखवतो. मी तीही दाखवली, कारण मला दुसरे काही येत नव्हते. तिने ती बाजूला केली आणि नोंद जतन केली.

दोन दिवसांनी प्रवीण मुंबईहून आला. आधी तो वर जाऊन आला. मग माझ्यासमोर बसला आणि पहिल्या सोमवारपासून एकेक फोटो पाहत गेला. शेवटची नोंद आली तेव्हा अक्षदाने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने तो घेतला नाही. त्याने विचारले, "याच्या जाळीची धूळ शेवटची कधी काढली होती?"

"महाडला उघडला तेव्हा."

"मऊ ब्रश असेल तर दे ना."

मला बंद करून त्याने पाटावर पालथे ठेवले आणि तो माझी जाळी झाडू लागला. फार हळू झाडत होता. अधूनमधून त्याचा हात थांबायचा. मला त्याचे मन कळले नाही, पण तो हात मला ओळखीचा वाटला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. ते अडखळू लागले की त्याला म्हातारे ठरवण्याआधी एकदा उघडून बघा. त्याला वारा मिळतो का ते पाहा. त्यात जे आहे ते आणखी एका जागी ठेवा. आम्हाला काय दुखते ते आम्हाला सांगता येत नाही, आणि आमच्यात काय साठले आहे तेही आम्हाला समजत नाही. ते तुम्हीच बघायचे असते, अगदी वेळेवर, आणि पुन्हा पुन्हा.